गवतात पडलेली वाट

सरू,

पत्रात आधी प्रिय लिहितात म्हणे. तू होतीस तेव्हा मी तुला कधी तसं म्हटलं न्हाई, आता मेल्यावर कशाला खोटं बोलू? मी तुझी थोरली जाऊ. तूच मला साक्षरतेच्या वर्गाला ओढून नेलंस, म्हणून चार अक्षरं येतात. तीच तुझ्या नातीच्या वहीत लिहून राह्यले.

काल सोनाली शाळेतून आली. बाईंनी सांगितलंय, आपल्या गावची टेकडी, ओढा बघा आणि दोन पानं लिहून आणा. म्हणाली, "मोठ्या आज्जी, मला लांडग्याचं बीळ दाखव ना." मंग हळूच म्हणाली, "आमच्या आजीमुळंच ती पिल्लं मेली न्हवं? आबा म्हणतात, तिचा पायच वाईट होता."

मी भाकरी थापत होते. थापतच राह्यले. तुला जाऊन सहा वर्षं झाली. तुझा नवराच पोरीला असलं सांगतो, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी, चुलीपुढं भाकरी उलटत बसले.

आठवतं का तुला ते थंडीचं साल? दोघे भाऊ अंकुशनगरला ऊसतोडीला गेल्ते. घरी आपण दोघी, पाच लेकरं, दोन शेळ्या. सरपणाला टेकडीवर गेलो की माझी मोळी बांधून व्हायची तरी तुझा पत्ता नसायचा.

"कुठं मेली होतीस गं?"

"आक्का, वरडू नको. चल, दाखवते."

ओढ्याच्या काठाला तू मला पोटावर पालथं झोपवलंस. समोरच्या दरडीत बीळ, बिळापुढं उन्हात लांडगीण पडलेली. चार पिल्लं तिची शेपटी ओढत होती. एक धपकन उताणं पडलं, तर तू पदर तोंडात कोंबून हसलीस. "कुणाला सांगू नको, तुला माझी आण." मी म्हणाले, "मला काय करायचंय?" पण माझी नजर बराच वेळ तिथून हलली न्हाई. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तू रोज जायला लागलीस. तितराची अंडी कुठं, गोड बोरं कुठल्या झुडपाला, तरस पाणी प्यायला कुठून उतरतं, सगळं तुला पाठ. कालवणात मीठ किती तेवढं मात्र कधी कळलं न्हाई. "जरा बघून येते, आक्का," म्हणून जायचीस आणि तुझी मोळी माझ्या डोक्यावर. पाणी मी भरायचं, लेकरं मी बघायची.

मंग एका दिवशी आपली एक शेळी परत आली न्हाई. लांडग्यानंच नेली का, मी बघितलं न्हाई. पारावर चारजण त्याच गोष्टी करत बसलेले. मी हंडा घेऊन चालले होते. थांबले आणि म्हणाले, "ओढ्याच्या दरडीत बीळ आहे. गवतात वाट पडलीय, तिनं सरळ जा."

शेळीचा राग नव्हता गं तो. तू सगळं सोडून गवतात पडून राहू शकत होतीस, मला ते जमत नव्हतं. त्याचा राग होता.

त्यांनी बिळाच्या तोंडात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि सुक्या मिरच्या कोंबून पेटवल्या. तू धूर बघून पळालीस, पण पोचलीस तेव्हा चारी पिल्लं बाहेर ओळीनं ठेवली होती. घरी आलीस तर लुगड्याला मिरचीच्या धुराचा वास. ओट्यावर बसलीस. "आक्का, त्यांना कळलं कसं?"

मी डाळ निवडत होते. मान वर न करता बोलले, "कसं म्हणजे? रोज एकाच जागी जाऊन मरायचीस. तुझ्याच पायानं वाट पडली."

तू तुझ्या पायांकडं बघत बसलीस.

त्यानंतर तू टेकडी चढली न्हाईस. लांडगीण आठ-दहा दिवस दिवेलागणीला गावाभोवती रडत फिरली. तू कानांवर हात ठेवून बसायचीस, आणि मी भाकरी करायचे.

शेवटच्या दुखण्यातही म्हणालीस, "आक्का, माझ्या पायांनी घात केला." मी म्हणाले, "पेज पी."

पण एक विचारते. ते बीळ तू माझ्याशिवाय कुणालाच दाखवलं नव्हतंस. मंग माझा संशय कसा आला न्हाई? एवढी कशी तू भोळी? का तुला माहीत होतं, आणि तू मला सांभाळून घेतलंस? हे विचारायलासुद्धा मी उशीर केला.

आता अर्धी टेकडी मुरमासाठी खणून नेली. लांडगा सोनालीच्या आईनंसुद्धा बघितला न्हाई. तुझी वाट गवतानं केव्हाच झाकली.

उद्या काठी घेऊन मी सोनालीला तिथं नेणार. बीळ ढासळलंय, पण जागा मला बराबर माहीत आहे. तू झोपवलंस तिथं तिला बसवीन आणि ही पानं मोठ्यानं वाचायला लावीन. संध्याकाळी तुझ्या नवऱ्यापुढं पुन्हा वाचायला लावीन, मी समोर बसून ऐकीन. बाईंना दोन पानं पाहिजे होती, ही जास्त झाली. पण यातलं एकही पान फाडणार न्हाई.

तुझी वाट दाखवणारी,
गया