मागची खोली आणि चार पूर्णांक आठवर चालणारे यंत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, पूर्वी रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षे वाफेच्या इस्त्रीवर कामाला, हल्ली घरी पण रिकामी नव्हे, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता व पूर्ण शुद्धीवर असताना पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. "पूर्ण शुद्धीवर" हे शब्द वकीलबाई सगळ्यांच्याच कागदात घालतात. माझ्या कागदात त्यांना वजन आहे, कारण माझ्या जावईबापूंनी गेल्या महिन्यात चारचौघांत सांगितले, "आईंचं डोकं आता ठिकाणावर नाही. त्यांनी काही लिहून दिलं तरी ते टिकायचं नाही." तेव्हा हे टिकावे अशाच बेताने लिहीत आहे.

कलम एक. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. पुढच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर माझ्या मुलाला. मुलगा गुणी आहे. फक्त समोर जो बोलत असेल त्याच्यापुढे तो मान डोलावतो, म्हणून मागच्या खोलीचा निर्णय त्याच्यावर सोडलेला नाही.

कलम दोन. सोन्याच्या बांगड्या व बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. तिने नवऱ्याची बाजू घेतली याचा मला राग नाही. थोडा आहे, पण तो बांगड्यांवर काढत नाही.

कलम तीन. मागची खोली, तिथले टेबल व त्यावरचे यंत्र यांसह, माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. तिने ती निर्वेधपणे वापरावी. कारण लिहिणे भाग आहे. सून संगणकावर घरांची चित्रे करते. वीट रचण्याआधीच घर आतून-बाहेरून कसे दिसेल ते त्यात कळते. यंत्र जावईबापूंनी जोडून दिले, त्यांचे संगणकांचे दुकान आहे. पहिल्या दिवसापासून यंत्र अर्ध्या तासात मंदावायचे. एका चित्राला नऊ तास लागत. सुनेने विचारले की जावईबापूंचे उत्तर ठरलेले, "वहिनी, तुम्हीच फार ताण देता त्याला." वर्षभराने त्यांनी निकाल दिला: प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, गेला, वहिनींनी हा व्याप आता आवरावा, आणि खोली रिकामी होतेच आहे तर दुकानाचे खोके तिथे ठेवावेत. मुलाने मान डोलावली. सुनेने दुसऱ्याच दिवशी टेबल आवरायला घेतले. ते मला पाहवले नाही.

कलम चार. मला प्रोसेसर ठाऊक नव्हता, उष्णता ठाऊक होती. पडद्यावर त्याचे तापमान पासष्ट अंश, म्हणजे तो निवांत; तरी वेग निम्म्याखाली. मग ब्रेक कोण दाबते? मी सुनेला म्हटले, "बंद कर आणि उघड." प्रोसेसरशेजारी त्याला वीज पुरवणारे बारीक चौकोनी तुकडे असतात, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला. ठोकळ्याला हात लावला, जेमतेम कोमट. हे सगळे ज्यावर बसवलेले असते त्या मदरबोर्डाच्या मागून त्याच जागी बोट टेकवले तर चटका बसला. आमच्याकडे वाफेची नळी तापलेली आणि इस्त्रीचा पत्रा गार असला, की मधे काहीतरी अडले आहे हे नव्या बाईलाही कळे. स्क्रू काढले. ठोकळ्याखालच्या मऊ पट्टीवर प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा तसाच होता. तो बसवण्याआधी सोलायचा असतो. उष्णतेला वर जायला वाट नव्हती, आणि तुकडे तापले की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडत होता. प्रोसेसर ठणठणीत होता.

सून जमिनीवरच बसली. म्हणाली, "आई, वर्षभर मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय गं."

"रड नंतर," मी म्हटले, "आधी नवी पट्टी आण." रडू मलाही येत होते, हे तिला सांगितले नाही. इथे लिहून ठेवते.

कलम पाच. यंत्र बरे झाले तेव्हा मी थांबायला हवे होते, असे मुलगा म्हणतो. पण मला चटक लागली. कारखान्याने दिलेला वेग मी एकेका पायरीने वाढवला. प्रत्येक पायरीला एक चाचणी, वहीत एक नोंद. पाच गिगाहर्ट्झ वेगावर यंत्र दोनदा बंद पडले. एक पायरी उतरून चार पूर्णांक नऊवर आणले, तर चित्रात ठिपके आले. चार पूर्णांक आठ गिगाहर्ट्झवर ते चाचणीत तीन तास हूं की चूं न करता चालले, आणि नऊ तासांचे चित्र चार तासांत उतरले! सुनेने मला उचलून गरकन फिरवले, बहात्तराव्या वर्षी. वही सुनेलाच. यंत्राच्या सेटिंगमध्ये वीजमर्यादेच्या रकान्यात जावईबापू सगळ्या गिऱ्हाइकांना "अमर्याद" ठेवून देतात. आमच्याकडे एकशे ऐंशी वॉट लिहिले आहे, ते कोणी वाढवू नये. मर्यादा कुठे आहे ते शोधून काढायचे आणि एक पायरी अलीकडे राहायचे.

कलम सहा. पंखे दर महिन्याला पुसावेत. हे काम मुलाचे. यावर त्याने मान डोलावली आहे.

कलम सात. हे आज दुपारी जोडले. जावईबापू सकाळी स्वतःचा चाचणीचा प्रोग्राम घेऊन आले. म्हणाले, "अर्ध्या तासात हे आडवं होतं की नाही बघा." त्यांनी सर्वांत कडक चाचणी लावली व पाय पसरून बसले. अर्धा तास झाला. तास झाला, पाय आखडले. दोन तासांनी बोर्ड चौऱ्याहत्तर अंशांवर होता आणि वेगाचा आकडा जागचा हलला नव्हता. मग मी पापुद्रा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. शेवटी सुनेकडे वळून म्हणाले, "वहिनी, चूक माझी होती. उगाच तुमच्यावर ढकललं."

मला माणूस आवडला त्या क्षणी. मी हा कागद पुढे सरकवला.

"सही करा. दुसरा साक्षीदार हवाच आहे."

"अहो आई, पण मीच म्हणालो होतो ना, की तुमचं डोकं..."

"म्हणून तर तुमचीच हवी."

हे माझे पहिले व अखेरचे मृत्युपत्र. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली. दिनांक चौदा, गुरुवार, दुपारी साडेतीन.

सही: मृत्युपत्र करणारी, माजी इस्त्रीवाली

साक्षीदार एक, घरचे डॉक्टर: बाईंना वार, तारीख व नातवंडे विचारली. सर्व बरोबर. उलट त्यांनी माझा दवाखान्यातला संगणक घेऊन यायला सांगितले आहे.

साक्षीदार दोन, जावई: सासूबाई पूर्ण शुद्धीवर आहेत. दोन तास तपासून लिहिले.