एकोणीस चिठ्ठ्या

गुरुजी, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही मध्येच खाकरून मला गप्प करू शकत नाही, तेव्हा नीट ऐका.

सातवीत असताना आपल्या शाळेत मुख्यमंत्री निवडायचा होता. निवडून येईल त्यानं रोज परिपाठाला हुकूम द्यायचे आणि पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर 'सावधान' म्हणायचं. तुमच्या टोपीत आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तुम्ही एकट्यानंच त्या उघडल्या आणि पाटलांच्या मुलाचं नाव वाचलं. त्या दिवशी वर्ग झाडायची पाळी माझी होती. केराच्या डब्यात एकतीस चिठ्ठ्या होत्या आणि एकोणिसांवर माझं नाव होतं. मी त्या घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले, तेव्हा तुम्ही दार लोटून घेतलंत. "पोरी, तू हुशार हाईस की. हुकूम देऊन काय करतीस? बौद्धवाड्यातली पोरगी सावधान म्हणाया लागली तर गाव गप बसायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवी कोरी कंपासपेटी दिलीत. मी ती घेतली आणि चिठ्ठ्या चुलीत घातल्या. घरी आईलासुद्धा सांगितलं नाही.

आता मी गगनबावड्याकडच्या एका दोनशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका आहे. मागच्या वर्षी कोल्हापुरात नेतृत्व विकासाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आम्ही फुगे फुगवले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, प्रमाणपत्रं घेतली. चिठ्ठ्या कोण मोजणार, हा विषय मात्र तिथं कुणी काढला नाही. म्हणून या जुलैत मी माझी पद्धत वापरली. मुलांनीच टोपी फिरवली, एकानं चिठ्ठी वाचायची, दुसऱ्यानं फळ्यावर रेघ मारायची. वरच्या धनगरवाड्यातून पावसात चालत येणारी एक मुलगी निवडून आली.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आले. "बाई, एका सकाळचं तर काम हाय. आमच्या नातवाचा आवाज खणखणीत हाय. त्या पोरीला पुढच्या वर्षी द्या की." मी नाही म्हटलं. मग ते बदलीचं बोलले. मी म्हटलं, करा. गुरुजी, तो शब्द मी मागे घेतला नाही. मुलगी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाई, मी न्हाय म्हणू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुला नको असेल तर म्हण. माझी बदली होईल म्हणून म्हणायचं नाही." ती म्हणाली, "मग म्हणत न्हाय."

सकाळी झेंड्याखाली ती ओल्या फ्रॉकमध्ये उभी राहिली आणि 'सावधान' म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता, थोडा कापलाच. सगळ्यात आधी अध्यक्षांचा नातू ताठ झाला. मग अध्यक्षांनी छत्री मिटली आणि पावसात दोन्ही हात सरळ केले. गाव गप्प बसलं, गुरुजी. तुमच्या वेळीही कदाचित बसलं असतं. तुम्ही विचारून तरी बघायचं होतं.

तुम्ही वाईट नव्हतात. मला अपूर्णांक तुम्हीच शिकवलेत, आणि तुम्हाला नोकरी टिकवायची होती हे मला आता कळतं. कळतं, तरी माफ करत नाही. माझ्या बदलीचा कागद कधीही येईल, येऊ दे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ते तुमच्याच कंपासपेटीत घडी घालून ठेवते आहे. एकच गोष्ट सांगायची राहिली. अध्यक्ष बोलत होते तेव्हा, नाही म्हणायच्या आधी, मी शाळेचं कपाट उघडलं होतं. त्या मुलीला देता येईल असं काही आत आहे का, ते मी बघत होते.