पाळणाघराच्या नियमापायी सोडलेलं घर

मी, पडदे शिवून पोट भरणारी बाई, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. लिहिताना कुणी धमकावलेलं नाही, गोड बोलून फसवलेलंही नाही; फसवणूक व्हायची ती आधीच झाली. सगळं मुलाच्या नावे करणारं माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम एक. शिलाई मशीन, कात्र्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला. तिला साधं बटण लावता येत नाही. मशीन ती विकणार आणि तीही मातीमोल भावाने, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तिलाच. "चार दिवस ये" म्हणाली होती. तीन वर्षं झाली, पण "कधी जाणार?" असं तिने एकदाही विचारलं नाही.

कलम दोन. मुलाला काहीही नाही. याचं कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला.

नातीला सरकारी पाळणाघरात घालायचं होतं. सून इस्पितळाच्या धोबीखान्यात, मुलगा बस डेपोत, मी घरात मशीनवर, आणि पोर रांगत सुयांकडे धावायची. मुलगा म्हणाला, "आई, तिथे घरातल्या सगळ्यांची कमाई धरतात. तुझी धरली की आपण मर्यादेच्या वर जातो. प्रवेश होईपर्यंत मावशीकडे राहा." घर माझ्या नावावरचं, तरी नातीसाठी निघाले. वेगळी राहते, असं सहीनिशी लिहूनही दिलं.

प्रवेश झाला. मी बोलावण्याची वाट बघत बसले. आधी म्हणाला, तपासणीला येतात. मग म्हणाला, उत्पन्नाचा दाखला दरवर्षी लागतो. मग माझ्या खोलीत भाडेकरू आला. त्या भाड्याचं मात्र पाळणाघराला कुणी अवाक्षर कळवलं नाही!

गेल्या महिन्यात दोघं कामात अडकले, म्हणून नातीला आणायला मी गेले. तिथल्या ताईंना भीत भीत विचारलं, "माझं काम हल्ली कमी झालंय. आता घरी राहायला गेले तर पोरीचा प्रवेश जाईल का हो?"

"अहो आजी, तुमच्या कमाईचा काय संबंध? आम्ही फक्त आईवडिलांचं उत्पन्न धरतो. तुमच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की. मी सांगितलं होतं त्यांना."

पोटच्या पोराने केसाने गळा कापला. त्याच्या वेळी कसलं आलंय पाळणाघर! मशीनशेजारी झोळी बांधून, एका पायाने मशीनचं पायडल आणि दुसऱ्याने झोळी हलवत त्याला वाढवला. जाब विचारला तर म्हणतो, "जुनं कशाला उकरतेस? मावशीकडे तुला काय कमी आहे?" कमी काही नाही रे बाबा. पण ते माझं घर नाही.

कलम तीन. माझं कानातलं सुनेला. तिला हे माहीत होतं की नाही, ते मी विचारलेलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

कलम चार. घर नातीला. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार बहिणीने पाहावा आणि भाडेकरूचं भाडं नातीच्या खात्यात भरावं. मुलाने-सुनेने तिच्यासोबत तिथे राहायला माझी हरकत नाही. एवढीशी पोर आईबापाविना कशी राहील? पण मालकीण ती.

त्या दिवशी तिला दारात सोडून मी परत निघाले, तर हात ओढून म्हणाली, "आजी, आमच्या घरी राहायला ये ना. माझ्या गादीवर झोप." तीन वर्षांत मला माझ्या घरी बोलावणारी ती एकटीच. म्हणून घर तिचं.

लिहून देणार: पडदेवाली (सही)
साक्षीदार: १. पाळणाघराच्या ताई (सही) २. समोरचा चष्मेवाला (सही)
ठिकाण: बहिणीच्या घरची मागची खोली
दिनांक: ९ सप्टेंबर