वसंताची कुऱ्हाड

नागझिऱ्याचं जंगल, एप्रिल १९७८, संध्याकाळ

दिलीपनं वाटेत वेचलेली मोहाची फुलं पाठीवरच्या सॅकमध्ये भरली आणि त्या वासानं अस्वल आलं. सॅक फाटली, दिलीप वाचला. वसंतानं लाकडांसाठी आणलेली कुऱ्हाड अस्वलाच्या डोक्यात घातली. ठीक. पण अस्वल मेल्यावरही तो घाव घालतच राहिला, त्याच्या तोंडाचा चिखल होईपर्यंत. दिलीप ओरडला, "अबे, मेलं ते! आता काहून मारून राहिला?"

वसंता हसत होता. शाळेपासूनचा मित्र, पण असं हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. काहून हसला असेल?

आता तो त्याच कुऱ्हाडीनं सरपण फोडतोय, शीळ घालत. म्हणाला, "अस्वल मांगून येते. उद्या मी मांगं राहतो, तुमी दोघं पुढं चाला."

"नाही," मी म्हटलं, "तूच पुढं चाल."