माझ्या खोडी शिकलेली गाडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे जितकं वाकता आलं तितकंच वाकलो आहे. उरलेला नमस्कार भेटीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचं कानातलं यंत्र सापडलं का, की त्याच्यावाचूनच सुखात आहेत? इकडे सगळे मजेत. तुझी भावजय मजेत, तुझी लेक मजेत, आणि मी तर इतका मजेत आहे की शेजारी काळजीने चौकशी करायला लागलेत.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी नुसतं हॅलो म्हणायचं आणि पुढचा पाऊण तास ऐकायचं. मागच्या रविवारी तसंच झालं. तू माझ्यावर तीन आरोप ठेवलेस आणि दाजींनी हाक मारली म्हणून फोन ठेवलास. पहिला आरोप, तुझी एवढी शिकलेली लेक माझ्या नादाने आमच्या गावात एका शेडमध्ये बसून गाडीला डोळे चिकटवते आहे. दुसरा, समुद्रापलीकडच्या बड्या कंपनीने तिला बोलावलंय, महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय, आणि ती अडली आहे तीही माझ्यामुळेच. तिसरा, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने बिनड्रायव्हरच्या गाडीत नोकरी धरायची म्हणजे आपल्याच जातभाईंच्या पोटावर पाय द्यायचा. तिन्ही आरोप ऐकून घेतले. आता माझी बाजू ऐक, आणि ती शांतपणे ऐक, कारण ती लांबलचक आहे. आणि ध्यानात ठेव, की गुरुवारी नगरपालिकेने आमच्या गाडीची चाचणी घ्यायची होती. गाडी पास झाली तर काम इथेच पुढे चालणार, नापास झाली तर कारखान्याला टाळं आणि तुझी लेक विमानात, असा मामला होता.

आधी त्या शेडचं सांगतो. ते शेड नाही, बर्फाचा जुना कारखाना आहे. भिंती हातभर जाड, जमीन उतरती, आणि उन्हाळ्यातसुद्धा पायाला गार लागतं. तिथे आता चौदा माणसं काम करतात. खिडक्यांच्या जाळ्या करणारा आमचा वेल्डर आता गाडीच्या टपावर कॅमेरे बसवायच्या चौकटी करतो. हाताखाली त्याने आणखी दोघं घेतलेत आणि त्यांच्यावर दिवसभर खेकसतो, म्हणजे धंदा चांगला चाललाय. बसच्या सीटा शिवणारी बाई (तीच, जिने माझ्या सीटला आयुष्यभर ठिगळं लावली) आता नव्या कोऱ्या सीटा शिवते आणि ठिगळ हा शब्द कोणाला उच्चारू देत नाही. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा, ज्यांच्या दुकानाकडे कुत्रंही फिरकत नव्हतं, ते डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या तारा जोडतात. बाहेरगावी निघालेली पाच पोरं-पोरी बांधलेलं सामान सोडून इथेच राहिली. त्यांच्यापायी कोपऱ्यावरच्या खानावळवालीला दुसरी शेगडी घ्यावी लागली.

तू म्हणशील, तयार गाडी विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला. अगं, ती हौसही झाली. गेल्या वर्षी नगरपालिकेने परदेशातून एक तयार गाडी आणली होती. देखणी, गुळगुळीत, आणि वागायला अतिशय सभ्य. मोठ्या चौकात आली आणि समोरचा आपल्याला वाट देईल म्हणून थांबली. आमच्याकडे समोरचा वाट देत नाही, तो डोळ्याने विचारतो आणि उत्तराची वाट न बघता घुसतो. तिला ही डोळ्यांची भाषा कोणी शिकवली नव्हती. पाऊण तास ती चौकात उभी राहिली. शेवटी एका फुगेवाल्याने तिच्या सावलीत बस्तान मांडलं आणि दोन फुगे तिच्याच आरशाला बांधले. पुढे तिचा एक कॅमेरा बिघडला. नवा यायला सात आठवडे लागले आणि बसवायला विमानाने माणूस आला. तो आला, चार स्क्रू पिळले, जेवला आणि गेला. परवा आमच्या गाडीचा तसाच कॅमेरा बिघडला, तर तो घड्याळवाल्या म्हातारबुवांनी जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केला, आणि वर डाळिंबी रंगाची तार मिळाली नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली.

आता पोटावर पाय द्यायची गोष्ट. ताई, आमच्या डेपोत तीन वर्षं जाहिरात लागली आहे आणि ड्रायव्हर मिळत नाहीत. टेकडीपलीकडच्या वस्तीची बस त्यापायीच बंद पडली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात यायचं तर दुधाच्या गाडीत कॅनच्या मांडीला मांडी लावून यावं लागतं. आमची गाडी पहिल्यांदा धावणार ती त्याच रस्त्यावर. तेव्हा मी कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. दुधवाल्याच्या वरकमाईवर दिला असेल, तर तो माझ्याशी बोलत नाही, हे कबूल.

माझं काम काय, तर शिकवणी. चार महिने मी गाडी चालवायची आणि गाडीने माझ्याकडे बघायचं. तुझ्या लेकीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मामा, कोणी बघतंय म्हणून शहाण्यासारखं चालवू नकोस, रोजच्यासारखं चालव. ताई, आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी असं सांगितलं. मी ते मनावर घेतलं. चार महिन्यांनी गाडी स्वतःच्या बुद्धीने रस्त्यावर आली, मी ड्रायव्हरच्या जागी दोन्ही हात मांडीवर ठेवून (तुझी भावजय म्हणते, लग्नानंतर तू असा पहिल्यांदाच बसलास), मागे तुझी लेक आणि तिचा जोडीदार, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. समोरून डेपोची बस आली आणि आमच्या गाडीने दोनदा दिवे मिचकावले. आम्ही बसवाले समोरच्या बसवाल्याला असा रामराम घालतो, हे तुला ठाऊक आहे. चष्मेवाल्याला ठाऊक नव्हतं. त्याने मशीन बिघडलं असं लिहून घेतलं. पुढे कचऱ्याची गाडी आली, तिलाही रामराम. कचऱ्याच्या गाडीला आजवर कोणी दिवा दाखवला नव्हता. तिचा ड्रायव्हर इतका भारावला की आता तो रोज मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या समोरून जातो.

हे एकवेळ चाललं असतं. पण न्हाव्याच्या दुकानासमोर आली की गाडी हळू व्हायची, किंचित डावीकडे झुकायची आणि मग पुढे जायची. यावर तीन दिवस संशोधन झालं. आरशावरून ऊन येतं म्हणून आरसा झाकला. रस्त्याला खड्डा असेल म्हणून टेप लावून रस्ता मोजला. चष्मेवाल्याने तर जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपाचा नकाशा मागवला. मला विचारलं तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, रस्त्याचाच दोष. ताई, दोष माझा होता. चौतीस वर्षं मी तिथून जाताना आत किती गिऱ्हाईक बसलंय ते डोकावून बघत आलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझी लेक टेप गुंडाळत रस्त्यावर मांडी घालून बसलेली बघितली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. कबूल केलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. (आत कोणी गिऱ्हाईक नव्हतं. मी जाऊन दाढी करून घेतली.)

त्यानंतर एक वही झाली. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मामाच्या खोडी. तेवीस निघाल्या. एकेक खोड वाचायची, मी खुलासा द्यायचा, आणि चष्मेवाल्याने ती गाडीच्या डोक्यातून काढायची. पंप आला की हॉर्न का, तर पंपावर मित्र होता. वळणावर गाडी मध्यावर का, तर डावीकडच्या बंगल्यातला कुत्रा अंगावर यायचा, आता तो वारला. माझं सगळं आयुष्य त्या पोरांनी असं रांगेने मला वाचून दाखवलं. लाज वाटली, पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं.

एकोणिसाव्या खोडीला मी अडलो. लाकडाच्या वखारीची लांब भिंत आहे, तिथे रस्ता सरळ, रुंद, वळण नाही, चौक नाही. तरी तिथे गाडी माणसाच्या चालीवर यायची. का, ते मला सांगता येईना. वखारवाल्याशी माझी ओळख नाही. न्हावी नाही, कुत्रा नाही. पाय आपोआप उचलला जातो एवढंच. चष्मेवाला म्हणाला, कारण नाही म्हणजे खोडच, काढून टाकू, चाचणीत उगाच मार्क जातील. चाचणीला आठवडा राहिला होता. तुझी लेक म्हणाली, कारण सापडेपर्यंत काढायची नाही. मी तिला म्हणालो, अगं, मलाच ठाऊक नाही तर सापडणार कुठून? दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस ती स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन त्या भिंतीसमोर जाऊन बसली. येणारेजाणारे तिला खानेसुमारीवाली समजून आपल्या घरात किती माणसं ते सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिला ते दिसलं. लाकडाच्या थप्प्यांआड भिंतीला एक भगदाड आहे. मागे शाळा आहे. मधली सुट्टी झाली की निम्मी शाळा त्या भगदाडातून थेट रस्त्यावर येते, पलीकडच्या दुकानात खडीसाखर आणि पेन्सिली घ्यायला. थप्प्यांमुळे ती पोरं रस्त्यावर पाय ठेवेपर्यंत दिसत नाहीत. कोणत्याच नकाशात ते भगदाड नाही. मीसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं, ताई. पण इतक्या वर्षांत किती वेळा एखादं दप्तर, एखादी रिबन डोळ्याच्या कडेला चमकून गेली असेल आणि पायाने आपलं आपण शिकून घेतलं असेल. तिने ते वहीत लिहिलं, आणि खोड हा शब्द खोडून त्या ओळीपुढे ज्ञान असं लिहिलं. मी ती वही बघितली तेव्हा माझे डोळे भरून आले. परदेशातून आलेली गाडी कितीही हुशार असली तरी तिला हे कोण सांगणार होतं?

गुरुवारी चाचणी झाली. मागे चार साहेब बसले. त्यांच्या अध्यक्षांच्या हातात घड्याळ, कारण गाडीने वेळेत पोचायचं होतं. चौकात आमच्या गाडीने थोडी मान पुढे घातली, थोडी मागे घेतली, आणि आमच्यासारखीच घुसली. साहेब खूश. न्हाव्याचं दुकान आलं, सरळ गेली. मग वखारीची भिंत आली आणि गाडी हळू झाली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. रस्ता मोकळा, गाडी का रांगते, म्हणाले. तुझ्या लेकीने सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात भगदाडातून शाळेचे व्यायामाचे मास्तर बाहेर पडले. (पोरांनी भगदाडातून जायचं नाही, असा फलक त्यांनीच शाळेत लावला आहे.) अंगाने भरभक्कम, भगदाडात अडकलेले, जोर लावला आणि सुटले ते थेट रस्त्याच्या मध्यावर, हातात पेन्सिलींचा खोका. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. माझे हात मांडीवरच होते, हे चारही साहेबांनी बघितलं. मास्तरांनी आधी गाडीकडे, मग साहेबांकडे बघितलं, आणि आपण इथून रोज जात नाही, असं न विचारता सांगितलं.

अध्यक्षांनी घड्याळ खिशात टाकलं. नंतर कोणी वेळेचा विषय काढला नाही. संध्याकाळी निकाल आला. अशा आठ गाड्या इथेच बनवायच्या, आणि भगदाडाच्या जागी फाटक करून तिथे वेगळा थांबा द्यायचा. वेल्डरने ऐकलं आणि पहिल्यांदाच कोणावरही खेकसला नाही.

तेव्हा ताई, एवढंच म्हणणं आहे, की तिला राहू दे. कंपन्या तिला पुढेही बोलावतील. पण इथल्या भिंतीसमोर दोन दिवस स्टूल टाकून बसणारं दुसरं कोणी मला तरी दिसत नाही. दाजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
नाइलाजाने आज्ञाधारक भाऊ

ता. क. – वर एवढी पानं तुझं मन वळवायला लिहिली, पण खरं म्हणजे वळवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुझ्या लेकीने त्या कंपनीला नकार कळवून टाकला आहे. तुला सांगायला ती घाबरते, म्हणून मला पुढे केलं. मीही घाबरतो, म्हणून हे शेवटी.

ता. क. २ – गाडी पास झाली म्हणून तिने नकार दिला असं मी धरून चाललो होतो. आत्ता पाकिटावर पत्ता घालताना सहज विचारलं, तर म्हणते, नकार सोमवारीच दिला. म्हणजे चाचणीच्या तीन दिवस आधी. मी म्हणालो, अगं, आणि गाडी नापास झाली असती तर? तिने वहीतून डोकंही वर काढलं नाही. "मग दुरुस्त केली असती," म्हणाली. तिला फोन कर. रागवायचं ते मला रागव, तिला आधी शाबास म्हण. आणि सकाळी आठच्या आत कर, नंतर ती कामावर असते.