मुनाऱ्याजवळचा फोटो

बाबा,

तू गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी तुला आज पहिल्यांदा काही लिहितो आहे. नोकरी लागल्यावर मी तुला 'तुम्ही' म्हणायला लागलो होतो, आठवतं? ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना अहो-जाहो करायची सवय लागली, तीच घरी घेऊन आलो. तू दोन दिवस ऐकून घेतलंस. तिसऱ्या दिवशी कोठ्यात वासराचं दावं सोडता सोडता म्हणालास, "काऊन बे, मी तुहा साहेब आहो का?" आई पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र चांगलाच रागावलो होतो, कारण माझ्या अंगावर तेव्हा नवी खाकी होती आणि तिची कोणी थट्टा केलेली मला खपत नव्हती. ते सगळं जाऊ दे. इथे मी 'तू'च लिहिणार आहे.

तो कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. राखाडी, साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा. आता आम्ही सगळे फोटो मोबाईलवर काढतो आणि तो कॅमेरा कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. पण तेव्हा आमच्या रेंजमध्ये स्वतःचा कॅमेरा असलेला वनरक्षक, गावच्या भाषेत नाकेदार, मी एकटाच होतो. चंद्रपूरला जाऊन आणला, तेव्हा सिंदेवाहीला बसमधून उतरेपर्यंत मी दहादा खिसा चाचपला असेल. त्या वर्षी दिवाळीतल्या गायगोधनाला मी तुझा फोटो काढला. गावची सगळी ढोरं रंगवून चौकात आणलेली, शिंगांना गेरू, आणि सगळ्यांच्या पुढे तू, हातात मोरपिसांचा जुडगा घेऊन. गावाची ढोरं चारणारा ढोरकी वर्षभर धुळीत असतो, पण त्या एका दिवशी सगळा गाव त्याच्या मागून चालतो. तू कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावून पाहिलंस आणि म्हणालास, "मी एवढा काळा आहो? तुहा डब्बा खराब दिसते." मग तोच फोटो आईला दाखवायला तू मला घरी ओढत नेलंस.

त्याच्या पुढच्या भाद्रपदात त्या बाईची गाय गेली. गावाच्या टोकाला एकटी राहणारी, घरी ती एकच दुभती गाय असलेली. तू सकाळीच धापा टाकत वनखात्याच्या नाक्यावर आलास, "वाघानं गाय पकडली, चाल लवकर." मी आलो. गाय रोपवनात पडली होती, सीमेच्या मुनाऱ्याच्या दहा पावलं आत. मुनारा म्हणजे तो चुना मारलेला दगडांचा ढीग. त्याच्या आत चराईला बंदी, आणि आत मेलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. वीस वर्षांत तू एक ढोर त्याच्या आत जाऊ दिलं नव्हतंस. तू मला हाताला धरून बाहेर नेलंस, नाल्याजवळ. तिथे ओल्या मातीत खुरांची झटापट होती, रक्त होतं, आणि तिथून मुनाऱ्याच्या आतपर्यंत गाय फरफटत नेल्याचा सरळ पट्टा. "इथी पकडली अन् तिकडं ओढत नेली. पाह्य, नीट पाह्य. आभाळ येऊन राह्यलं, पाणी पडलं का सारं धुऊन जाईन. फोटू काढ." तू काठी जमिनीकडे करून उभा राहिलास आणि मी फोटो काढला. तू विचारलंस, "आला का?" मी म्हणालो, "आला." तो तुझा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. दुपारी खरंच पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही उरलं नव्हतं.

पंचनाम्याला मी चार फोटो जोडले. चारहीत गाय आणि मागे पांढरा मुनारा. तुझा फोटो त्यात नव्हता. तुझा जबाबही मी घेतला नाही. बाईचा अंगठा आणि दोन पंचांच्या सह्या घेऊन मोकळा झालो. पुढे मी स्वतःला समजावलं, आणि दोन-चार जणांना सांगितलंही, की माझ्याच पंचनाम्यात माझाच बाप साक्षीला, लोकांनी काय म्हटलं असतं? वशिल्याचं नाव झालं असतं. ऐकायला हे बरं वाटायचं. एका सहकाऱ्याने तर पाठ थोपटली, म्हणाला, तू बापालाही सोडलं नाहीस. मी ती शाबासकी घेतली, बाबा. मला तेव्हा लाज वाटली नाही.

प्रकरण परत आलं. गाय बंदीच्या क्षेत्रात चरत होती, सबब भरपाई नाही. त्या बाईने चौकात येऊन तुला काय काय म्हटलं ते मी घरात बसून ऐकलं. तू एकदाच बोललास, "बाई, ढोर मी आत घातलं नाई. पोरानं फोटू काढला हाये. साहेबाले दिसला नसन." लोकांनी माझ्या दाराकडे पाहिलं असेल. मी बाहेर आलो नाही. आठ दिवसांनी गावाने बैठक घेतली आणि ढोरं दुसऱ्याच्या हवाली केली. तुला कोणी चोर म्हटलं नाही, पण आता वय झालं, आता लक्ष राहत नाही, असं म्हटलं, आणि तुला ते जास्त लागलं. तू घरी येऊन काठी आढ्याला खोचलीस. मला एवढंच म्हणालास, "तू तं तुहं काम केलं. तुही चूक नाई."

त्या दिवाळीला गायगोधनात दुसरा माणूस पुढे होता. तू देवळाच्या ओट्याशी लोकांत उभा होतास, धुतलेलं धोतर नेसून. एक लाल गाय कळपातून निघून सरळ तुझ्याकडे आली, तुझा हात चाटायला लागली, आणि तूच तिला पाठीवर थाप मारून परत कळपात धाडलंस. माझ्याकडे वळून म्हणालास, "काऊन, औंदा फोटू नाई काढत?" मी म्हणालो, सेल उतरले आहेत. सेल भरलेले होते. ढोरं गेल्यावर तू घरात फार वेळ टिकायचा नाहीस. सकाळ झाली की उठून नाल्यापर्यंत जायचास, तिथे बसायचास आणि दुपारी परत यायचास. आई विचारायची, कुठी गेलते? तू म्हणायचास, काई नाई, असाच.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू मला विचारलंस, "तो फरफटीचा फोटू हाये का रे अजून?" मी म्हणालो, "हाये." दुसरं काय म्हणणार होतो? "मंग आण एकडाव. त्या बाईले दाखवू." दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, चार्जर सापडत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालो, विसरलो. शेजारच्या खाटेवर मूल गावचा एक म्हातारा होता, त्याला तू सांगत होतास, "माह्या पोराजवळ पुरावा हाये. पोरगा नाकेदार हाये माहा." तो म्हातारा माझ्याकडे कौतुकाने बघत होता आणि मी सलाईनच्या बाटलीतले थेंब बघत बसलो होतो. दोन दिवसांनी तू गेलास. ती बाई मातीला आली होती, हे तुला कोण सांगणार? माझ्याशी ती बोलली नाही. मीही तिच्याशी बोललो नाही, अजूनही नाही, आणि ती अजून त्याच घरात राहते.

हे सगळं तुला थोडंफार माहीत असेल. जे माहीत नाही ते आता सांगतो, तेवढ्यासाठीच बसलो आहे. वशिल्याचं वगैरे काही नव्हतं. ते मी मागाहून रचलं. गाय गेली त्याच संध्याकाळी मी रेंज ऑफिसात गेलो. साहेब नवे होते, पुण्याकडचे. त्यांनी खुर्चीत बसूनच हात पुढे केला, "बघू तुझा कॅमेरा." ते एकेक फोटो पुढे करत गेले आणि तुझ्यावर थांबले. गुडघ्याच्या वर धोतर, भोकं पडलेलं बनियन, डोक्याला फडकं, आणि काही बोलत होतास म्हणून तोंड उघडं. खोलीत आणखी चार जण होते. साहेबांनी विचारलं, "हा कोण?" मी म्हणालो, "गावातला गुराखी आहे, सर." "काय दाखवतोय तो?" मी म्हणालो, "काही नाही सर, मधे आला." ते म्हणाले, मग ठेवला कशाला, काढून टाक. कॅमेऱ्यावर कचऱ्याच्या डब्याचं बटण होतं, ते मी त्यांच्यासमोर दाबलं. फोटो पुसण्याआधी तो कॅमेरा एकदा विचारायचा, नक्की का. मी हो केलं.