हिरवं दिसतंय ती बाजरी नव्हे

हैदराबाद

ती. नाना,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, डबाही चांगला मिळतो, आईला सांगा.

फोनवर तुम्ही "समदं झ्याक हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय. उपग्रहाच्या फोटोतलं हिरवं बघून दुष्काळात पीक किती येईल ते सांगायचं, हे माझं काम. काल आपलंच गाव समोर आलं, हिरवंगार! वाटलं, पाऊस झाला. मग ओढा ओळखला. त्याच्या काठानं पसरलेली सगळी वेडी बाभूळ, नाना. शेळ्यांमागं फिरताना तिचे काटे पायात मोडलेत, म्हणून मला कळलं. कॉम्प्युटर तिलाच बाजरी समजला आणि पाथर्डी तालुक्याच्या दुष्काळाच्या यादीत आपल्या गावापुढं 'पीक समाधानकारक' पडलं.

साहेब म्हणतात, शेतातले फोटो आण, मग बदलू. महिनाअखेरीला यादी सरकारकडे जाते. तशीच गेली, तर गावाला दुष्काळाची मदत मिळणार नाही.

बाजरीचे फोटो लगेच मोबाईलवर पाठवा. मला काळजी नको म्हणून तुम्ही दरवेळी फोटोत विहिरीजवळचा तेवढा जनावरांचा हिरवा घास दाखवता. या वेळी तो नको. करपलेल्या बाजरीत उभे राहा.

आणि आईचा गुडघा कसा आहे? तेही खरंच सांगा.

तुमची,
सारिका